सहलीचा तलाव आणि खालची घरे

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तलाव पाहणी समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या कोजागिरीला आपण सगळे तलावावर जमलो होतो. दूध आटले, गाणी झाली, मुले नावेत बसली. त्या रात्री माईंनी एक साधा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "पाळीच्या पायथ्याशी अळू बाराही महिने हिरवेगार असते. उन्हाळ्यात आमच्या विहिरीला पाणी नसते आणि अळूला मात्र असते. हे पाणी येते कुठून?" आपल्या सहलीतल्या फदफद्याला दरवर्षी तेच अळू असते, हे येथे बसलेल्या भगिनींना ठाऊक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री कोणालाच देता आले नाही. म्हणून कार्यकारिणीने आमची तिघांची समिती नेमली. आमच्यापैकी एक जण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, एक शिक्षक आहेत आणि एक दुकानदार. आम्ही सहा महिने जे पाहिले, मोजले आणि वाचले, ते आज आपल्यासमोर ठेवतो.

आपल्या इंदूरच्या आसपास होळकरी काळातले तलाव पुष्कळ आहेत. सिरपूरसारख्या मोठ्या तलावांकडे सगळ्यांचे लक्ष असते. आपला तलाव त्या मानाने लहान. संस्थानी काळात गुरांसाठी आणि बागाइतीसाठी मातीची पाळ घालून तो बांधला गेला. शेती गेली, बागा गेल्या, आता उरली ती सहल, नाव आणि मासेमारी. तलावाचे काम बदलले. पाणी मात्र तेवढेच आहे आणि पाळही तीच, फक्त म्हातारी झालेली.

आम्ही टेपने आणि पाण्याच्या नळीने मापे घेतली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत उंची सुमारे ९ मीटर भरली, लांबी सुमारे २२० मीटर. तलाव भरलेला असताना पाण्याचा पसारा अंदाजे १५ हेक्टर आणि सर्वांत खोल जागी ७ मीटर पाणी. अशा तलावाचा साठा ढोबळपणे काढताना क्षेत्रफळाला खोलीने गुणून त्याचे चार दशांश धरतात. त्या हिशेबाने ४ लाख २० हजार घनमीटर, म्हणजे ४२ कोटी लिटर पाणी होते. आपण ज्याला "लहानसा तलाव" म्हणतो, तो एवढा आहे.

वर्ग कशाचा?

धरणाच्या सुरक्षिततेच्या कागदांत "धोक्याचा वर्ग" असा शब्द येतो. त्याचा अर्थ आम्हालाही आधी नीट कळला नव्हता. आम्हाला वाटायचे, वर्ग वरचा म्हणजे धरण मोडकळीला आलेले. तसे नाही. हा वर्ग धरणाच्या प्रकृतीचा नसतो. धरण फुटलेच, तर खाली काय काय जाईल, एवढेच तो सांगतो. अगदी नवे, मजबूत धरण असले आणि त्याच्याखाली गाव असले, तर वर्ग वरचा. पाळ पार खचलेली असली आणि खाली नुसते माळरान असले, तर वर्ग खालचा. प्रकृती वेगळी तपासायची आणि वर्ग वेगळा ठरवायचा. वर्ग वरचा आणि प्रकृती नाजूक अशी दोन्ही उत्तरे एकाच धरणाची आली, की तिथे घाई करायची.

अमेरिकेत याचे तीन वर्ग आहेत. फुटल्यावर माणसे दगावण्याचा संभव असेल तर वरचा, माणसे नाहीत पण मालमत्तेचे मोठे नुकसान असेल तर मधला आणि बाकीचे खालच्या वर्गात. आपल्याकडे केंद्रीय जल आयोगाने २०२० मध्ये मार्गदर्शिका काढली, तिच्यात चार वर्ग आहेत. पहिला सर्वांत कमी धोक्याचा आणि चौथा सर्वांत जास्त. जीवितहानी, मालमत्ता, पर्यावरण आणि सांस्कृतिक ठेवा अशा गोष्टींचा हिशेब त्यात धरतात.

यातून एक गोष्ट निघते, ती नीट लक्षात घ्यावी. धरणाला हात न लावताही त्याचा वर्ग वाढू शकतो. खाली घर बांधले की वाढतो. आपली पाळ बांधली तेव्हा तिच्याखाली शेते होती. नव्वदीच्या दशकात राजवाड्यालगतचे जुने वाडे सोडून आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी त्याच शेतांवर पडलेले प्लॉट घेतले. मोकळी हवा, तलाव जवळ, म्हणून घेतले. दोन रविवार आम्ही नाल्याच्या दोन्ही काठांनी दारोदार गेलो. सव्वाशेच्या आसपास घरे आहेत, पाचशेहून जास्त माणसे राहतात, एक अंगणवाडी आहे. मार्गदर्शिकेने सांगितलेला रीतसर अभ्यास तज्ज्ञांनी करायचा आहे. पण या पाळीचा वर्ग खालचा येणार नाही, एवढे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

लहान धरणाने केलेले मोठे नुकसान

कोणी म्हणेल, एवढ्याशा तलावाचे एवढे काय? त्यांच्यासाठी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातली हकीकत सांगतो. टोकोआ नावाच्या गावाजवळ केली बार्न्स नावाचे धरण होते. १८९९ मध्ये विजेसाठी लाकूड-दगडाचा बांध घातला गेला, पुढे त्यावर मातीचा भराव चढला. १९५७ नंतर वीज बंद झाली आणि तलाव फक्त करमणुकीसाठी उरला. उंची साडेअकरा मीटर, लांबी १२० मीटरच्या आसपास. खाली एका धार्मिक महाविद्यालयाचे आवार होते, विद्यार्थी आणि शिक्षकांची बिऱ्हाडे होती. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री दीडच्या सुमारास, जोराच्या पावसानंतर ते फुटले. ३९ माणसे गेली, त्यांत मुले बरीच होती. चौकशीत एकच एक कारण ठरवता आले नाही. उभा उतार, पावसाने भिजलेली माती, आतून झिरपणारे पाणी, जुनी नळी आणि झाडांची मुळे अशी अनेक कारणे पुढे आली. चार वर्षांपूर्वीच्या एका छायाचित्रात पाळीचा खालचा उतार घसरलेला दिसतो. तो दिसत होता, पण त्याकडे बघणे हे कोणाचे काम नव्हते. या घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी वरच्या वर्गातल्या खासगी आणि राज्यांच्या धरणांची तपासणी सुरू करायला लावली. तपासणीचा कायदा त्या देशात १९७२ पासूनच होता.

दुसरी हकीकत त्याहून जुनी आणि आपल्याला जास्त लागू पडणारी. पेनसिल्वेनियातले साउथ फोर्क धरण मूळ कालव्यासाठी बांधलेले. कालवा बंद पडला, मालक बदलले. मधल्या एका मालकाने तळातल्या पाणी सोडण्याच्या लोखंडी नळ्या काढून भंगारात विकल्या. १८७९ नंतर ते श्रीमंतांच्या मासेमारी आणि शिकारीच्या क्लबाकडे आले. कार्नेगी आणि फ्रिक हे उद्योगपती त्याचे सभासद होते. बग्ग्या नीट जाव्यात म्हणून क्लबाने पाळीचा माथा खाली केला. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. ३१ मे १८८९ रोजी पाणी पाळीवरून गेले आणि २,२०९ माणसे मेली. न्यायालयात कोणीही दोषी ठरले नाही.

आपल्याकडचीही उदाहरणे आहेत. ग्वाल्हेरजवळचे तिघरा धरण ऑगस्ट १९१७ मध्ये फुटले. १२ जुलै १९६१ चे पानशेत तर आपल्यातल्या ज्यांचे माहेर पुण्याचे, त्यांच्या घरात आजही बोलले जाते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडीतली वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. खेकड्यांनी धरण पोखरले, हे विधान नंतर गाजले.

आणि आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातले कारम. ऑगस्ट २०२२ मध्ये या नव्या, काम चालू असलेल्या धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपू लागले. धार आणि खरगोन जिल्ह्यांतली १८ गावे रिकामी केली गेली, बाजूने चर खणून पाणी सोडले, १४ ऑगस्टला पाण्याला वाट झाली. जीवितहानी झाली नाही. बांधकामाबद्दल जे बोलायचे ते लोक बोललेच. पण तिवऱ्याला आणि कारमला फरक पडला तो एकाच गोष्टीने. कारमला लोक वेळेवर घराबाहेर निघाले.

आमच्या पाहणीत काय दिसले

पाळीवर बाभळी आणि पिंपळ माजले आहेत. मुळे आत गेली आणि झाड वाळले, की मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. घुशींची बिळे आम्ही सतरा मोजली. पाण्याकडच्या बाजूचे दगडी अस्तर दोन ठिकाणी खचले आहे. माईंचे अळू ज्या ओलीवर वाढते, ती ओल पाळीतून झिरपणाऱ्या पाण्याची आहे. मातीच्या पाळीतून थोडे पाणी झिरपतेच, त्यात लगेच घाबरण्यासारखे नाही. पाणी स्वच्छ आहे की गढूळ, आणि ते वाढते आहे का, हे बघायचे. आम्ही दर रविवारी बाटलीत पाणी धरले. आजवर स्वच्छ आहे. गढूळ झाले तर पाळ आतून धुतली जाते आहे असे समजायचे, आणि त्या दिवशी रविवारची वाट बघायची नाही.

आता सांगायला अवघड आहे, ते सांगतो. सांडव्याच्या तोंडावर दीड फूट उंच सिमेंटची भिंत आहे. ती कोणी बांधली? मंडळींनो, ती आपण बांधायला लावली. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आपल्याच मंडळाने अर्ज केला होता, की तलाव माघातच उतरतो, होळीपर्यंत नाव चालावी म्हणून सांडवा थोडा उंच करावा. त्या अर्जाची प्रत मंडळाच्या फायलीत आहे. सह्या करणाऱ्यांत आमच्यापैकी दोघे आहेत. संबंधित कार्यालयाने काम करून दिले, आणि आपण त्यांचा हार घालून सत्कार केला. पुढे मासेमारीच्या ठेकेदाराने त्या भिंतीवर जाळी ताणली. साउथ फोर्कची हकीकत वाचताना आम्ही एकमेकांकडे बघितले, ते यामुळे.

दीड फुटाने काय बिघडते, हा हिशेब ऐका. पूर्वी सांडव्याच्या काठापासून पाळीच्या माथ्यापर्यंत ५ फूट अंतर होते, आता साडेतीन उरले. सांडव्यावरून जाणारे पाणी उंचीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढते, उंचीच्या दीड घाताने. त्या गणिताने पाळीच्या माथ्याला पाणी लागेपर्यंत हा सांडवा पूर्वी जेवढे पाणी बाहेर टाकू शकत होता, त्याच्या सुमारे ६० टक्केच आता टाकू शकतो. दीड फुटाच्या भिंतीने चाळीस टक्के ताकद गेली. जाळीत पालापाचोळा अडकला की आणखी जाईल. आणि मातीच्या पाळीवरून पाणी जाऊ लागले, की ती फार वेळ टिकत नाही.

भारतीय मानकाप्रमाणे लहान धरणाचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी धरतात. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे शंभर वर्षांनीच, असे नव्हे. दर वर्षी शंभरात एक एवढा संभव. तीस वर्षे पाळीखाली राहणाऱ्या कुटुंबाला तो पूर बघावा लागण्याचा संभव चारात एकाहून थोडा जास्त होतो. आपला सांडवा आज तेवढ्या पुराला पुरतो का, हे कोणीही मोजलेले नाही.

कायदा कुठे थांबतो

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. चांगला कायदा आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, धोक्याचे वर्गीकरण, जुन्या धरणांसाठी पाच वर्षांत आपत्कालीन कृती आराखडा, हे सगळे त्यात आहे. पण तो लागू होतो १५ मीटरहून उंच धरणांना. १० ते १५ मीटर उंचीचे असेल, तर लांबी ५०० मीटर, साठा १० लाख घनमीटर, पूर दर सेकंदाला २,००० घनमीटर, यांपैकी एक तरी हवे, नाहीतर पाया अवघड किंवा रचना वेगळी हवी. आपली पाळ ९ मीटरची. ती कायद्याच्या बाहेर आहे. ३९ माणसांचा बळी घेणारे केली बार्न्स आपल्याकडे असते, तर उंची, लांबी आणि साठा यांच्या मापाने तेही बहुधा बाहेरच राहिले असते.

आम्ही तीन कार्यालयांत गेलो. पहिल्याने सांगितले, तलाव आमच्या यादीत नाही. दुसऱ्याने सांगितले, नाव आणि मासे आमचे, पाळ आमची नाही. तिसऱ्याने अर्ज ठेवून घेतला. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात गेले, १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात. एवढ्या बदलांत लहान तलावांचे कागद कुठल्या कपाटात राहिले, हे कोणी शोधले नाही. ठेका मात्र दरवर्षी न चुकता दिला जातो. आमचे म्हणणे सरळ आहे. जो ठेक्याचे पैसे घेतो, त्याने पाळीची जबाबदारी घ्यावी.

कायद्याच्या बाहेर म्हणजे उपायाच्या बाहेर नव्हे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहे, जिल्ह्याचा आराखडा आहे. त्यात आपल्या तलावाचे नाव घालून घेता येते. माहितीच्या अधिकारात मालकी विचारता येते. आणि वर्गीकरणाची मार्गदर्शिका लहान धरणाला स्वेच्छेने लावायला कोणी मनाई केलेली नाही.

दोन आक्षेप

समितीच्या बैठकीत खालच्या वसाहतीतल्या एका काकांनी स्पष्ट विचारले, "वरचा वर्ग म्हणून कागदावर लागले, तर आमच्या घराला गिऱ्हाईक कोण देईल? आयुष्याची पुंजी त्या प्लॉटात आहे." प्रश्न रास्त आहे आणि त्यांना भित्रे किंवा स्वार्थी म्हणण्याचा कोणाला अधिकार नाही. आमचे उत्तर एवढेच, की धोका कागदाने येत नाही. तो आज आहेच, फक्त त्याची नोंद नाही. नोंद झाली की दुरुस्तीला पैसे मागता येतात, सांडवा मोकळा करता येतो, आणि मग घराची किंमत सांगताना पाळ तपासलेली आहे असेही सांगता येते. काकांचे समाधान पूर्ण झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण घरे मोजायला दुसऱ्या रविवारी ते आमच्याबरोबर होते.

दुसरा आक्षेप तरुणांचा. भिंत काढली तर नाव जानेवारीतच बंद होईल. होईल. ती आपण आपल्या हौसेसाठी मागितली होती. पाचशे माणसांच्या झोपेपुढे हौस दोन महिने कमी झाली तर चालेल.

ठराव

समितीच्या वतीने सभेपुढे हे ठराव मांडतो. एक, मंडळाने आपला जुना अर्ज लेखी मागे घ्यावा आणि सांडव्यावरची भिंत व जाळी पावसाळ्याआधी काढण्याची मागणी करावी. दोन, पाळीचे धोक्याचे वर्गीकरण आणि प्रकृतीची तपासणी, दोन्ही वेगवेगळी, तज्ज्ञांकडून व्हावी. तीन, तलावाचा मालक कोण, हे लेखी मिळवावे. चार, जिल्हा आराखड्यात तलावाचे नाव यावे. पाच, हे होईपर्यंत आपले काम आपण करावे. आषाढापासून अनंत चतुर्दशीपर्यंत दोघादोघांची पाळीवर फेरी, ओलीच्या पाण्याची बाटली, सांडव्याच्या पट्टीची नोंद. आणि खालच्या प्रत्येक घराला ठाऊक असावे, की रात्री निरोप आला तर देवळाच्या टेकडीवर जायचे आणि कोणत्या आजी-आजोबांना कोणी उचलून न्यायचे. तिवरे असो वा केली बार्न्स, पाणी रात्रीच आले होते.

झाडे आपण आपल्या हाताने तोडू नयेत, बिळेही बुजवू नयेत. चुकीच्या रीतीने केले तर अपायच होतो. ते जाणकारांच्या देखरेखीखाली व्हायचे आहे.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता सांडव्यापाशी जमायचे आहे. नाल्याच्या पलीकडची घरे मोजायची राहिली आहेत. माई येणार आहेत. अळू मात्र कोणी उपटू नये. ओल वाढते की कमी होते, हे कळायला सध्या तीच आपली खूण आहे.